आधी बैल, मग बंडी : मागे घर जोडून निघणाऱ्यांसाठी

रामनवमी जवळ आली की दिग्रस, दारव्हा, पुसदकडच्या रस्त्यांवर ट्रॅक्टरांची वर्दळ वाढते. एरवी कापूस, सोयाबीन नाहीतर खताची पोती वाहणाऱ्या ट्रॉलीवर त्या दिवसांत बांबूच्या कमानी उभ्या राहतात, त्यावर ताडपत्री ताणली जाते. आत तळाला कडबा, त्यावर सतरंज्या आणि गोधड्या. एका कोपऱ्यात पाण्याचा निळा ड्रम, दुसऱ्या कोपऱ्यात शेगडी, तव्यासह परात, ज्वारीच्या पिठाचा डबा, तेलाची कॅन. म्हातारी माणसं पाठीला उशी लावून बसतात, पोरं फाळक्याला लटकून बाहेर बघतात. शेजारच्या वाशिम जिल्ह्यातल्या पोहरादेवीला पोचल्यावर ट्रॅक्टर सोडून बाजूला लावला जातो आणि ट्रॉली जागेवरच राहते. पुढचे दोन-तीन दिवस तेच घर. या प्रकाराला कुणी ‘कॅम्पिंग’ म्हणत नाही. पण मागे घर जोडायचं, जागेवर नेऊन सोडायचं, राहायचं आणि पुन्हा जोडून परतायचं, ही ट्रॅव्हल ट्रेलरची सगळी व्याख्या त्या ट्रॉलीत बसते.

कायद्यालाही हे मान्य आहे. 1988 च्या मोटार वाहन कायद्यात ट्रेलर म्हणजे मोटार वाहनानं ओढलेलं किंवा ओढण्यासाठी बनवलेलं वाहन. सेमी-ट्रेलर आणि साइडकार तेवढे वगळले आहेत. आत उसाच्या मोळ्या आहेत की गादी आणि स्वयंपाकाचा ओटा, याच्याशी व्याख्येला देणंघेणं नाही. म्हणूनच यवतमाळ जिल्ह्यातल्या वाचकासाठी हा विषय वाटतो तितका परका नाही. एमएच 29 च्या पाट्या लावलेल्या हजारो ट्रॉल्या इथल्या रस्त्यांवर रोज धावतात, आणि त्या ओढण्याची, भरण्याची, मागे घेण्याची विद्या गावोगावी मुरलेली आहे. हौसेनं ट्रेलर घेऊ पाहणारा माणूस मात्र बहुधा शहरातला असतो, आणि तो खरेदीची सुरुवात उलट्या टोकाकडून करतो. आधी त्याला आवडतो तो डबा : दोन खाटा, छोटं न्हाणीघर, खिडकीला पडदे. तो ओढणार कोण, हा प्रश्न पैसे दिल्यावर उभा राहतो.

बंडीवाल्यानं अशी चूक कधी केली नसती.

विदर्भात बैलगाडीला बंडी म्हणतात, माणसांच्या जलद प्रवासाच्या हलक्या गाडीला रेंगी किंवा दमणी. गाडी बदलली की जोडीही बदलायची. वर्धा-नागपूरकडचा गवळाऊ अंगानं सडपातळ, पायानं चपळ. तो रस्त्यावर दुडक्या चालीनं धावणारा बैल. नांदेडकडचा लाल कंधारी मजबूत बांध्याचा, जड ओढकामाचा. यवतमाळ जिल्हा या दोन मुलखांच्या मधोमध पडतो. बैल बघायला गेलेला शेतकरी आधी स्वतःला विचारतो, ओढायचं काय आहे आणि कुठल्या वाटेनं? उत्तर ठरलं की मग तो दात मोजतो, खूर पाहतो, चालवून बघतो. वाट, ओझं, बैल आणि शेवटी बंडी, हा त्याचा क्रम. ट्रेलरच्या बाबतीत तोच क्रम धरावा, एवढाच या प्रस्तावनेचा आग्रह आहे. पुढे येणारे वजनाचे, जोडणीचे, ब्रेकचे, पाण्याचे आणि विजेचे तपशील त्याच्याच पोटात येतात.

यवतमाळच्या इतिहासात चालत्या घराची आणखी एक मोठी परंपरा आहे, आणि ती ट्रेलरवाल्याला एक महत्त्वाचा फरक शिकवते. पुसद-दिग्रसच्या परिसरात वसलेल्या बंजारा समाजाचे पूर्वज शतकानुशतकं लदेणीचा व्यवसाय करत. बैलांच्या पाठीवर धान्याच्या, मिठाच्या गोण्या लादून तांडे मुलूखच्या मुलूख ओलांडत. सतराव्या शतकात हिंदुस्थानात फिरलेल्या ताव्हेर्निए या फ्रेंच जवाहिऱ्यानं दहा-बारा हजार बैलांचे तांडे पाहिल्याचं लिहून ठेवलं आहे. नायकाच्या हुकुमानं बायकापोरांसह, संसारासह सगळा तांडा चाले. 1867 मध्ये रेल्वे नागपूरला पोचली, मालाची वाहतूक रुळांवर गेली आणि तांडे हळूहळू एका जागी स्थिरावले. आज यवतमाळच्या नकाशावर ‘तांडा’ हे वस्तीचं नाव आहे. वसंतराव नाईकांचं गहुली याच पट्ट्यातलं.

लदेणीचा बैल ओझं वाहत असे, ओढत नसे. पाठीवर तो जेवढं पेलतो त्याच्या कितीतरी पट ओझं दोन बैल चाकांवर ओढून नेतात. मोटारीचंही अगदी तसंच. गाडी पाठीवर किती वजन घेऊ शकते हा एक आकडा आणि मागे किती ओढू शकते हा दुसरा. पहिल्यात माणसं, सामान, टपावरचा कॅरिअर. दुसऱ्यात चाकांवर चालणारा ट्रेलर. नवखा माणूस हे दोन्ही आकडे एकात मिसळतो. गंमत अशी, की ट्रेलर पूर्णपणे दुसऱ्या खात्यात जमा होत नाही. त्याची दांडी गाडीच्या हूकवर टेकते आणि तिथला दाब थेट पाठीवरच्या ओझ्यात मोजला जातो. पाच माणसं, डिकीतलं सामान आणि वर दांडीचे शे-दीडशे किलो, असा हिशेब मांडला की ऐसपैस दिसणारी गाडीही एकदम तोकडी वाटू लागते.

हौसेखातर घर ओढत हिंडण्याची सुरुवात इंग्लंडमध्ये झाली, तीही जनावरांच्याच जोरावर. आरमारातून निवृत्त झालेले स्कॉटिश डॉक्टर गॉर्डन स्टेबल्स यांनी ब्रिस्टलच्या कारखान्यात ‘वाँडरर’ नावाची गाडी बांधून घेतली आणि 1885 च्या उन्हाळ्यात ती दोन घोड्यांना जुंपून इंग्लंडच्या दक्षिण भागातून थेट स्कॉटलंडमधल्या इन्व्हर्नेसपर्यंत नेली. भरलेली गाडी सुमारे दोन टनांची होती. पुढे वाट कशी आहे हे बघायला त्यांचा नोकर तीनचाकी सायकलवरून आधी जाई. पुढे अमेरिकेत वॉली बायम यांनी चकचकीत ॲल्युमिनियमचे ‘एअरस्ट्रीम’ ट्रेलर बनवले आणि 1959 मध्ये त्यांचा ताफा केपटाउनहून कैरोपर्यंत नेऊन दाखवला. रस्ता खराब असला तरी घर मागे येऊ शकतं, हे सिद्ध करण्यासाठी त्यांना अख्खं आफ्रिका खंड लागलं.

महाराष्ट्रात या हौसेला सरकारी चौकट मिळाली ती 2021 मध्ये, कारवान पर्यटन धोरणामुळे. कारवान कुठं उभी राहील, तिथं पाणी, वीज, स्वच्छतागृह काय असावं, नोंदणी कशी व्हावी, याचा विचार त्यात आहे. मात्र आपल्याकडे कारवान म्हटलं की डोळ्यांसमोर येते ती स्वतःच्या इंजिनावर चालणारी गाडी. 2022 मध्ये महिंद्रानं आयआयटी मद्रासच्या मदतीनं उभ्या राहिलेल्या कॅम्परव्हॅन फॅक्टरी या कंपनीबरोबर करार जाहीर केला, तोही बोलेरोच्या पिकअपवर घर बसवण्याचा. ओढायचा ट्रेलर अजून विरळाच. तरी त्याचा एक फायदा कुणालाही पटावा असा आहे : मुक्कामाला पोचल्यावर तो सोडता येतो. पांढरकवड्याजवळ ट्रेलर उभा करून पहाटे मोकळी गाडी घेऊन टिपेश्वरच्या सुन्ना गेटवर जाता येतं. 1997 मध्ये घोषित झालेलं, सुमारे 148 चौरस किलोमीटरचं हे अभयारण्य वाघांसाठी ओळखलं जातं. आत मुक्कामाचा डबा न्यायची सोय नाही आणि नसावीच. घर गेटबाहेर, योग्य परवानगीच्या जागेत.

तर मग बैल निवडायचा कसा? ब्रिटनमधले अनुभवी लोक नवख्याला एक सोपं गणित सांगतात : भरलेल्या ट्रेलरचं वजन ओढणाऱ्या गाडीच्या वजनाच्या 85 टक्क्यांच्या आत ठेवा. गाडी 1,700 किलोची असेल तर ट्रेलर 1,445 किलोच्या वर नको. तेही गाडी बनवणाऱ्या कंपनीनं ओढण्याची मर्यादा त्याहून कमी सांगितलेली नसेल तर. असेल तर कंपनीचाच आकडा अखेरचा. आकड्याचं कारण साधं आहे. ओढणारा ओढल्या जाणाऱ्यापेक्षा हलका असला की वळणावर, उतारावर आणि ब्रेक दाबल्यावर कोण कुणाला नेतंय हे ठरेनासं होतं. इंजिनची अश्वशक्ती जाहिरातीत मोठ्या अक्षरांत असते, पण ओढकामाला हवा असतो कमी फेऱ्यांवर मिळणारा जोर, म्हणजे टॉर्क. डिझेल गाड्या ट्रेलरवाल्यांच्या आवडत्या आहेत त्या त्यामुळे. पुढची चाकं ओढणाऱ्या छोट्या मोटारींची अडचण वेगळी. हूकवर वजन आलं की मागची बाजू दबते, पुढची चाकं हलकी होतात, आणि नेमकी त्याच चाकांनी चढावर पकड धरायची असते. मागची किंवा चारही चाकं फिरवणारी, चासीवर बांधलेली गाडी इथं भारी ठरते.

आता वजनाच्या वाटपाचा मुद्दा. यावर इंग्रजी पुस्तकांत पानंच्या पानं आहेत, आणि मराठीत एक शब्द आहे : उलार. बंडीत मागे जास्त ओझं पडलं की दांडी वर उचलते, जू बैलांच्या मानेवरून उठू पाहतं आणि जोतं गळ्याला काचतं. उलार बंडी बैलांना नीट चालू देत नाही. उलट ओझं पुढं जास्त झालं तर सगळा भार मानेवर येतो आणि खांदे फुटतात. म्हणून धुरकरी पोती अशी रचतो की मानेवर थोडं वजन राहावं. थोडंच, पण नक्की.

ट्रेलरला हाच नियम आकड्यांत लागू होतो. अमेरिकन रिवाजाप्रमाणे एकूण वजनाच्या 10 ते 15 टक्के भार दांडीवर हवा, म्हणजे 1,200 किलोच्या ट्रेलरला 120 ते 180 किलो. युरोपातले ट्रेलर हलके, त्यांचा वेगही कमी. तिथं 5 ते 7 टक्के चालतात. बंडी उलार झाली तर बैल थांबतात, धुरकरी खाली उतरतो. ताशी 80 किलोमीटरनं धावणारा उलार ट्रेलर मात्र थांबत नाही, शेपूट हलवायला लागतो. शेजारून ट्रक गेला, वाऱ्याचा झोत बसला, की मागचा डबा डावी-उजवीकडे झोके घेतो, प्रत्येक झोका आधीच्यापेक्षा मोठा, आणि शेवटी तो गाडीचीच मागची बाजू आपल्याबरोबर फेकतो. अशा वेळी स्टिअरिंग उलटसुलट फिरवणं किंवा वेग वाढवणं घातक. पाय ॲक्सिलेटरवरून काढायचा, स्टिअरिंग सरळ धरायचं आणि वेग उतरू द्यायचा. खरा इलाज मात्र निघण्यापूर्वीचा : जड सामान आसाच्या वर किंवा किंचित पुढं, आणि खाली.

हूकचं गणितही ट्रॉलीवाल्याला पाठ असतं. चारचाकी ट्रॉली स्वतःचं वजन स्वतः पेलते, हूकवर फारसं टाकत नाही. दोनचाकी ट्रॉली आपला वाटा ट्रॅक्टरवर टाकते. हूक उंच बांधला आणि चढावर जोर दिला तर ट्रॅक्टर पुढून उचलतो, आणि असे अपघात जीवघेणे ठरतात. राहायचा ट्रेलर बहुधा दोनचाकी ट्रॉलीच्या कुळातला. जोडलेल्या अवस्थेत तो जमिनीला समांतर दिसला पाहिजे. नाक वर असेल तर वजन मागं सरकतं आणि उलारची सुरुवात तिथंच होते. जोडणीचा गोळा आणि त्यावर बसणारी वाटी एकाच मापाची हवी. युरोपात हे माप 50 मिलिमीटर, अमेरिकेत तीन-चार वेगवेगळी मापं चालतात आणि परदेशी सुटे भाग मागवणारे इथंच फसतात. दोन साखळ्या दांडीखालून एकमेकींना छेद देऊन बांधायच्या, म्हणजे गोळा निसटलाच तर दांडी रस्त्यात न रुतता साखळ्यांच्या झोळीत पडते.

ब्रेकवर कंजुषी करू नये. युरोपात 750 किलोंपर्यंतच्या ट्रेलरला स्वतंत्र ब्रेक नसले तरी चालतात, त्यावर सक्तीचे. काहींत गाडी थांबली की ट्रेलर पुढं रेटतो आणि त्या रेट्यानंच त्याचे ब्रेक दाबले जातात. काहींत गाडीतून विजेचा इशारा जातो. ताशी 60 वरून 80 वर गेलं की वेग एक तृतीयांशानं वाढतो, पण थांबवायची ऊर्जा पावणेदोन पटीहून जास्त होते. पुसदकडच्या डोंगराळ रस्त्यांवर उतरताना हे गणित पायाखाली जाणवतं. उतार ज्या गिअरमध्ये चढला असता त्याच गिअरमध्ये उतरायचा, ही जुन्या ट्रकवाल्यांची शिकवण ट्रेलरलाही लागू आहे.

सामानाची यादी करताना यवतमाळचा उन्हाळा विसरून चालणार नाही. मे महिन्यात पारा 45 अंशांच्या आसपास जातो आणि पत्र्याचा डबा दुपारी भट्टी होतो. शहरी माणूस लगेच एसीचं नाव काढतो. पण 12 व्होल्टच्या 100 अँपिअर-तासाच्या बॅटरीत 1,200 वॉट-तास असतात, आणि शिशाची बॅटरी असेल तर टिकावी म्हणून त्यातले निम्मेच वापरायचे. एक टनाचा एसी तेवढ्यात जेमतेम अर्धा तास चालेल. 30 वॉटचा पंखा रात्रभर फिरला तरी 300 वॉट-तास लागतात. वऱ्हाडी घराला कूलरशिवाय उन्हाळा नाही. पण कूलर विजेबरोबर पाणीही पितो, एका रात्रीत एखादी टाकी सहज. 100 लिटर पाणी म्हणजे 100 किलो. ती टाकी ट्रेलरच्या मागच्या टोकाला बसवली की पुन्हा उलार, आणि अर्धी भरलेली असली की वळणावर पाणी डचमळून वेगळाच हेलकावा. टाकी आसाजवळ हवी, जमल्यास मध्ये आडव्या पडद्यांची. शिशाची बॅटरी सुमारे 30 किलोंची, तेवढ्याच क्षमतेची लिथियम त्याच्या निम्म्याहून हलकी. घरगुती 14.2 किलोच्या गॅसचं सिलिंडर टाकीसह 30 किलोंच्या घरात जातं. प्रवासाला 5 किलोचं पुरतं. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर तळाशी साचतो. म्हणून गॅसच्या कप्प्याची जाळी जमिनीलगत हवी, छताजवळची खिडकी त्या कामाची नाही.

हंगाम आणि वाट ठरवणंही निवडीचाच भाग. राष्ट्रीय महामार्ग 44 वडकी, करंजी, पांढरकवडा, पाटणबोरी करत तेलंगणात उतरतो. 361 क्रमांकाचा महामार्ग कळंब, यवतमाळ, आर्णी, महागाव, उमरखेडकडून नांदेडला जातो. या दोन्हींवर ट्रेलर सुखानं चालेल. पण पैनगंगेवरचा सहस्रकुंड धबधबा किंवा इसापूर धरणाचा काठ गाठायला महामार्ग सोडावा लागतो, आणि बाजूला आहे कापसाची काळी जमीन. कोरडी असताना ती दगडासारखी, पावसाचं एक सरवट पडलं की लोण्यासारखी. त्या चिखलात ट्रेलरचं चाक रुतलं की ओढणारी गाडीही हळूहळू खाली बसते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा इथला खरा मोसम. तरीही मुक्कामाची जागा मुरमाड बघावी आणि ट्रेलर आत घालण्यापूर्वी कुणीतरी उतरून ती पायानं दाबून पाहावी. स्टेबल्स डॉक्टरांचा सायकलवाला नोकर हेच काम करत होता.

कागदपत्रं थोडक्यात. ट्रेलरलाही नोंदणी लागते, आणि ओढणाऱ्या गाडीचा क्रमांक ट्रेलरच्या मागं दिसावा लागतो. गाडीला हूक बसवणं ही किरकोळ वेल्डिंगची गोष्ट समजू नये. कायद्याचं कलम 52 गाडीच्या मूळ रचनेत मनमानी बदल करू देत नाही. बाजारात तयार डबा विकणारा या प्रश्नांवर हसून विषय बदलत असेल, तर आरटीओत चौकशी करूनच पुढं जावं. विम्याच्या कागदात ट्रेलरचा स्पष्ट उल्लेख आहे का, तेही आधी बघावं.

राहता राहिली एक कला, जी दुकानात मिळत नाही : मागे घेणं. ट्रेलर डावीकडे न्यायचा तर स्टिअरिंग आधी उजवीकडे. ती शिकायची तर कापसाच्या हंगामात एखाद्या जिनिंगच्या आवारात तासभर उभं राहावं. दोन्ही बाजूंना गाड्यांची रांग, मध्ये जेमतेम ट्रॉलीपुरती जागा, कापूस फाळक्याच्या वरपर्यंत भरलेला आणि मागचं काही दिसत नाही. वीस-बावीस वर्षांचा पोरगा मान वळवून एका हातानं स्टिअरिंग खेळवतो आणि ट्रॉली ढिगाच्या तोंडाशी एका दमात लावतो. शहरातून नवा ट्रेलर घेऊन आलेल्यानं त्याच्याकडे दोन दिवस शिकवणी लावली, तर पैसे वसूल होतील.

पुन्हा त्या जत्रेच्या ट्रॉलीकडे. सगळं चढवून झालेलं असतं, पोरं जागा धरून बसलेली असतात, ट्रॅक्टर अजून जोडायचा असतो. घरातला म्हातारा दांडीपाशी वाकतो, दोन्ही हातांनी ती वीतभर उचलून बघतो. ती अगदीच सहज वर येते. तो मान हलवतो आणि आतल्या पोराला हाक देतो, ‘‘मांगं उलार झाली रे बाप्पा, थो ड्रम जरासा समोर घे.’’ निळा ड्रम घरंगळत, पाणी डचमळत पुढं येतो. म्हातारा पुन्हा वाकतो, पुन्हा दांडी उचलून पाहतो. या खेपेला ती जागची हलत नाही. तो हात झटकून ट्रॅक्टरवाल्याला मागं येण्याची खूण करतो.